पासंग

ज्या काट्यावर आमच्या शिवारातला कापूस मोजतात, त्याच काट्यावर परवा माझी अब्रू मोजली गेली. चारशे ग्रॅम भरली.

मागचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून चिडचिड होते. बँकेतल्या नोकरीची शेवटची सहा वर्षं पुण्यात गेली आणि तिथे मला गोल्फचा नाद लागला. निवृत्त होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतलो, तर सामानासोबत नादही आला. या दिवाळीला मुलीकडे गेलो तेव्हा जावई म्हणाले, "पप्पा, एकदा फिटिंग करून घ्या." आमच्याकडे फिटिंग नळाची होते नाहीतर लाइटची. ही माणसाची निघाली, काठ्या त्याच्या मापाने बेतायची.

फिटिंग करणारा पोरगा जेमतेम पंचविशीचा. समोर पडदा, पडद्यावर हिरवंगार मैदान, बाजूला एक डबा. तो डबा चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी सगळं ओकतो. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीने, वीस चेंडू मारून झाले, काठीच्या बुडाला पट्टी लावून ती कुठे घासते तेही बघून झालं. मग तो आकड्यांकडे बघत म्हणाला, "सर, तुमचा टेम्पो फार स्मूथ आहे." मी खूश. आमच्याकडे टेम्पो म्हणजे कापूस लादून जिनिंगला जातो तो, आणि तो कधीच स्मूथ नसतो. 'म्हातारा हळू फिरतो' हे पुण्यात असं सांगतात, हे यवतमाळची गाडी पकडल्यावर डोक्यात शिरलं.

तर माझे स्टीलचे शाफ्ट, म्हणजे दांडे, प्रत्येकी १३० ग्रॅमचे होते. ते काढून ७० ग्रॅमचे ग्रॅफाइटचे बसवले. जुन्यांवर 'एस' लिहिलेलं होतं. एस म्हणजे स्टिफ, ताठ. नव्यांवर 'ए'. मी विचारलं, ए म्हणजे? पोरगा पापणीही न हलवता म्हणाला, "ॲडव्हान्स्ड, सर." गाडीत मोबाइलवर बघितलं. एक्स सगळ्यात कडक, मग एस, मग आर म्हणजे रेग्युलर, मग ए म्हणजे सीनियर, आणि त्याच्या खाली फक्त एल. एल बायकांचा. खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. ॲडव्हान्स्ड आहेच, वय.

बरं, गोष्ट इथे थांबत नाही. दांडा हलका केला की टोकाचं वजन हाताला लागेनासं होतं. ते मोजायला या लोकांकडे वेगळा तराजू असतो, मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू असलेला. त्यावर माझी काठी डी-टू या जड मापावरून घसरून सी-फाइव्ह या हलक्या मापावर आली. तोल परत आणायला त्याने दांड्याच्या पोटात टोकाशी टंगस्टन घातलं आणि डोक्याच्या मागे शिशाची पट्टी चिकटवली. म्हणजे वजन कमी करायचे पैसे वेगळे आणि वाढवायचे वेगळे. सगळं धरून प्रत्येक काठी चाळीस ग्रॅमने हलकी झाली. बिल सांगत नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलंय.

गावाच्या आसपास गोल्फचं मैदान असण्याचा प्रश्नच नाही. आमचं सोयाबीन निघून गेलेलं, हरभरा अजून पेरायचा, तेवढ्या मोकळ्या आठ-दहा दिवसांत वावर हेच माझं मैदान. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे काकाजींची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. काकाजी माझ्या वडिलांचे जोडीदार, ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या वावरात पहिली वेचणी सुरू होती.

जुन्या काठीला मी ओळखत होतो. ती वर जायला कुरकुर करायची आणि खाली यायला माझी वाट बघायची. ही नवी वर कधी गेली ते समजायच्या आतच खाली आलेली असते. हात पुढे पळतात, काठीचं तोंड मिटतं आणि चेंडू डावीकडे वळतो. डावीकडे पऱ्हाटी. पहिला गेला, म्हटलं सवय नाही. दुसरा गेला, म्हटलं वारा आहे. असे नऊ गेले.

पांढरा चेंडू फुटलेल्या कपाशीत शोधायचा प्रकार कोणी करून बघितलाय का? प्रत्येक झाडावर वीस-पंचवीस बोंडं उललेली, चारी पाकळ्यांतून कापूस लोंबतोय, आणि त्यात तुम्ही वाकून पांढरं, गोल, लिंबाएवढं काही दिसतं का बघताय. मी तीनदा सरकीसकट कापूस उपटला. एकदा हात घातला तो बोंडअळीने पोखरलेल्या कवडीत. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी अशी घुसतात की गोल्फचे महागडे हातमोजे घालणाऱ्यांना त्याची कल्पना यायची नाही. मी तो हातमोजा घातलेला होता. एकाच हातात असतो तो. घुसलं दुसऱ्या हातात.

"ओ भाऊ," कपाशीच्या ओळीतून एक बाई ओरडली, "इकडं गारा पडून राह्यल्या ना!"

बाकीच्या वेचणाऱ्या बाया ओटीत तोंड घालून हसल्या. तेवढ्यात काकाजी आले.

काकाजींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पंचक्रोशीत कुऱ्हाड, कुदळ, फावडं, काहीही असो, दांडा बसवावा तर त्यांनीच. त्यामुळे त्यांनी चेंडूंबद्दल चकार शब्द काढला नाही. सरळ माझ्या हातातली काठी घेतली, डोळ्यासमोर आडवी धरून एक डोळा मिटला आणि दांडा नाकाला लावून हुंगला.

"हे कायचं लाकूड हाय बापू?"

"लाकूड नाही काकाजी, ग्रॅफाइट. कार्बनचा धागा."

"धागा?" त्यांनी बाजूच्या बोंडाकडे बघितलं. "धाग्याचा दांडा करून राह्यले?"

"पहिले लाकडाचेच असायचे," मी म्हटलं. जरा जोर आला, कारण हा माझा आवडता विषय. "हिकरी नावाचं झाड आहे अमेरिकेत, त्याचे. स्कॉटलंडच्या लोकांनी १९२९ मध्ये लोखंडी दांड्याला परवानगी दिली, तोवर लाकूडच."

"मंग सोडलं काऊन?"

"लाकूड पीळ खातं मारताना."

"वाळवलं नसन बरोबर." स्कॉटलंडचा निकाल लागला. "त्याच्यापरीस धामण लावाची. धामण लवते पण मोडत नाई."

मी उडालोच. धामण म्हणजे माझ्या डोळ्यासमोर आली धुऱ्यावरून सळसळत जाणारी दीड-दोन मीटरची. धामण नावाचं झाडही असतं आणि त्याचं लवचिक लाकूड दांड्याला वापरतात, हे एक-दोन क्षणांनी आठवलं. काकाजींनी ते ओळखलं आणि या माणसाला बँकेने मॅनेजर कसं केलं असेल, अशा नजरेने बघितलं.

मग ते काठी दोन बोटांवर तोलायला लागले. बोट सरकवत सरकवत एका जागी थांबले. काठी आडवी, स्थिर. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी डोक्यामागच्या शिशाच्या पट्टीवर फिरवला. उन्हाने पट्टीची कड थोडी सुटली होती. तिथे नख घालून म्हणाले, "पासंग लावला का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? तराजूचं एक पारडं हलकं भरत असेल तर त्याला खडा बांधतात, तो पासंग. फिटिंगवाल्या पोराला तीन वाक्यं आणि दोन इंग्रजी अक्षरं लागली होती. मी म्हटलं, "हो. दांडा हलका केला ना, म्हणून."

"दांडा हलका काऊन केला?"

"मला जड होत होता."

"आन् मंग टोक जड काऊन केलं?"

"ते हलकं होत होतं."

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. बाया वेचायच्या थांबल्या होत्या.

"कितीक हलका झाला?"

"चाळीस ग्रॅम."

"चाल."

कडुनिंबाच्या फांदीला दोरीने त्यांचा काटा टांगलेला होता. लाल आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, ३०० किलोपर्यंतचा, खाली लोखंडी हूक. संध्याकाळी वेचलेला कापूस बायांच्या समोर त्यावरच मोजतात. काकाजींनी हुकाला नायलॉनची दोरी बांधून माझा सात नंबर अडकवला. पाच-सहा बाया गाठोड्यांसकट गोल करून उभ्या. आकडे नाचले आणि थांबले. ०.४.

"आता जुनी आण."

जुनी आणू कुठून? डोकं तेच, दांडे तेवढे बदललेले. पण माझ्याकडे आठ नंबरची एक फुटकळ जुनी काठी होती, स्टीलच्या दांड्याची, ती बॅगेत होती. लावली. आकडे नाचले. ०.४.

"सारखंच हाय," काकाजी म्हणाले.

"नाही काकाजी, हा काटा शंभर ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. चारशे तीस असो की तीनशे नव्वद, तो चारच दाखवणार."

"मंग तुले कसं समजते?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "हाताला समजतं."

सगळ्यांनी पऱ्हाटीकडे बघितलं, जिथे माझे नऊ चेंडू होते.

"एका काठीचे कितीक घेतले?" काकाजींनी विचारलं. इथेही मी घरच्या धोरणाला चिकटून अर्धेच सांगितले. दोन हजार. काकाजी सातवी पास आहेत, पण त्यांचा तोंडी हिशेब आमच्या बँकेच्या ऑडिटरला घाम फोडेल. "दोन हजाराले चाळीस ग्राम. पन्नास रुपये ग्राम. म्हंजे किलोले पन्नास हजार." थांबले. "आन् कापूस किलोले एक्याऐंशी." पुन्हा थांबले. "आन् तू थे पन्नास हजारवालं काढून टाकाले देल्ले!"

यंदा, २०२५-२६ ला, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे. मी काठीच्या अंगातून काढलेल्या चाळीस ग्रॅमचा कापूस असता तर त्याचे सव्वातीन रुपये आले असते. मी मनातल्या मनात हा हिशेब करून बघितला. करायला नको होता.

पण मग काकाजींची गाडी माझ्यावरून घसरली आणि खरं सांगतो, तिथे माझं हसणं थांबलं. हमीभाव ८,११० खरा, पण तो कापसात ओल ८ टक्क्यांपर्यंत असेल तर. वर गेली की पैसे कापतात, १२ च्या वर गेली तर घेतच नाहीत. नोव्हेंबरात सकाळी दव पडतं, अवकाळी येतो, कापूस कोरडा कुठून आणायचा? नोंदणी करा, ओटीपी सांगा, रांग लावा. तेवढा दम नसला की गावात गाडी घेऊन येणारा खासगी व्यापारी आहेच. तो हात घालून कापूस दाबतो, तोंड वाकडं करतो आणि क्विंटलमागे किलोभर कट्टी सरळ कापतो. त्याच्या काट्यावर पासंग आहे का, हे विचारायची सोय नाही. "तुह्या पोट्ट्याचं बरं," काकाजी म्हणाले. पोट्टा म्हणजे तो फिटिंगवाला. "त्यानं पासंग लावला आन् तुले सांगून लावला. पैसेही घेतले. आमचा लावते तो सांगत नाई."

मी काय बोलणार. मी तीस वर्षं त्याच लोकांना पीककर्ज वाटलं आणि वसुलीच्या नोटिसा काढल्या. चहा आला, आम्ही प्यालो.

चार वाजता बाया आल्या. मघाच्या गारांवाल्या बाईने ओटीतून एकेक करत चेंडू काढले. नऊच्या नऊ. त्यातले दोन मी शोधून थकलो होतो त्याच झाडात होते म्हणे, फांदीच्या बेचक्यात अडकलेले.

"वेचाई द्या जी," ती म्हणाली.

"कापसाची वेचाई किलोवर असते," मी म्हटलं. मॅनेजरचा आवाज आपोआप निघतो.

"मंग मोजा."

काकाजींना तेच हवं होतं. दुपट्ट्यात चेंडू बांधले आणि हुकाला अडकवले. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमहून जड नसतो. नऊ चेंडू म्हणजे चारशे तेरा. आकडे नाचले. ०.४.

"हे पाय," काकाजी म्हणाले, "तुही काठी, तुहे गोटे, सारखंच."

किलोला दहा या भावाने वेचाई चार रुपये झाली. बाईने माझ्याकडे असं बघितलं की मी चेंडूमागे दहा धरून नव्वद रुपये काढून दिले. तिने ते पदराच्या गाठीत बांधले आणि उद्याही येणार का म्हणून विचारलं. चौकशीमागचा व्यवहार माझ्या लक्षात आला.

निघताना काकाजींना बॅगेत जुन्या दांड्यांची मोळी दिसली. फिटिंगवाल्याने काढलेले सातही स्टीलचे दांडे मी परत आणले होते, का ते विचारू नका. त्यांनी एक उपसला, झटका देऊन बघितला, बोटाने त्याच्या अंगावरच्या पायऱ्या मोजल्या आणि 'एस'वर थांबले.

"हे काय लिवलं?"

"एस. म्हणजे ताठ."

"हे चांगलं हाय. एक नेतो."

आज सकाळी दात घासत ओट्यावर उभा होतो. समोरून काकाजींची बंडी गेली, कापसाची गाठोडी लादलेली. माझ्या दांड्याच्या टोकाला त्यांनी खिळा ठोकून बैल हाकायची झकास तुतारी केलीय. बैलाच्या पुठ्ठ्याला ती नुसती टेकवली आणि बैल दुडकी चाल धरून वळणावरून दिसेनासा झाला. एवढा वेग मला त्या दांड्याने सहा वर्षांत मिळाला नव्हता. बायको आतून विचारत होती, काकाजी काल म्हणत होते ते एका काठीचे दोन हजार, की सगळ्यांचे मिळून?