शेवंतीची जीभ

गेल्या थंडीत माझ्या घोडीला, शेवंतीला, ट्रकात चढवून अलिबागहून मुंबईला नेलं होतं, एका छोट्या ड्रेसाज स्पर्धेला. ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरावीक हालचाली करून दाखवायच्या आणि जजने त्यांना गुण द्यायचे. गुणपत्रिका हातात आली तर शेऱ्यांच्या रकान्यात पाच ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली: जीभ बाहेर. प्रत्येक हालचालीला 10 पैकी गुण असतात. जिथे साडेसहाची आशा होती तिथे 5, एके ठिकाणी साडेचार.

जजबद्दल माझी तक्रार नाही. एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमातच आहे की घोड्याने जीभ बाहेर काढणं, ती कडियाळ्याच्या (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी दांडा) वर घेणं, दात करकरणं, शेपटी झटकत राहणं ही बहुतेक वेळा ताणाची, भीतीची किंवा विरोधाची लक्षणं असतात आणि गुण देताना ती धरायची. घोड्याला बोलता येत नाही, तोंड तेवढं बोलतं. ते जजने ऐकलंच पाहिजे.

मला लागलं ते पुढचं. शेवंतीला पाणी दाखवत होते तेवढ्यात एकामागून एक तिघं आले आणि तिघांनीही एकच उपाय सांगितला. नाकपट्टा, म्हणजे नाकावरून जबड्याभोवती बांधतात तो पट्टा, अजून दोन भोकं आवळ, जीभ बाहेर येणारच नाही.

खरंच येणार नाही. पण आत काय होईल? घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत एक मोकळी जागा असते, तिथे नुसती हिरडी. कडियाळं तिथे, जिभेवर टेकतं. जीभ जाड असते, तिला जागा कमी. दुखलं की घोडा जबडा उघडतो, जीभ मागे ओढतो नाहीतर बाजूने बाहेर काढतो. पट्टा आवळला की हे सगळं बंद. वरच्या दाढांच्या कडा तर गालाच्या बाजूला धारदार होत जातात, म्हणजे आवळलेल्या पट्ट्याखाली गालही आतून त्या धारेवर दाबला जातो. बाहेरून मात्र तोंड कसं शांत, सुंदर दिसतं!

माझे आजोबा टांगा चालवायचे. ओहोटीला किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं न्यायची आणि पाणी चढायच्या आत परत आणायची. ड्रेसाज हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. पण रोज सकाळी चंदी देऊन झाली की घोड्याला लगाम घालण्याआधी ते कडियाळ्यावरून अंगठा फिरवायचे. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड लगेच गंजतं, खरबरीत होतं आणि ओठांचे कोपरे कापतं. कोपरा सोललेला दिसला की त्या दिवशी टांगा जोडायचा नाही, ऐन मे महिन्याच्या गर्दीतही. "पोरी, जनावर तोंड वाजवायला लागलं की आधी तोंडात बघायचं, मग हातात चाबूक घ्यायचा," असं म्हणायचे. चाबूक त्यांच्या हातात मी फारसा पाहिलाच नाही.

म्हणून पट्टा न आवळता घरी आले आणि घोड्यांचे दात तपासणारे डॉक्टर बोलावले. डावीकडे, दाढेच्या अगदी पुढे, एक बारीक जास्तीचा दात निघाला. वुल्फ टूथ म्हणतात तो. कडियाळं नेमकं त्यालाच लागत होतं. जीभसुद्धा डावीकडूनच बाहेर यायची, हे मला दोन वर्षं दिसत होतं आणि कळत नव्हतं. दात काढला, दाढांच्या धारा घासून घेतल्या, महिनाभर तोंडात लोखंड घातलं नाही.

आता जीभ क्वचित येते, दमली की. दुखणं गेलं तरी सवय थोडी उरली आहे. इथे जजचं काम अवघड होतं हे मला मान्य आहे. ही सवय की वेदना, हे काही सेकंदांत कसं ओळखायचं? त्यात छोट्या स्पर्धेत जज बहुधा एकटाच, मैदानाच्या एका टोकाला, सी अक्षराच्या खुणेपाशी बसलेला. शेवंतीची डावी बाजू त्याच्याकडे असली तर जीभ दिसते, वळून उजवी बाजू आली की दिसत नाही. तरी गुण कापले जावेत असंच मी म्हणेन, कारण त्या पाच शेऱ्यांनीच मला डॉक्टरांपर्यंत नेलं.

पण मग आवळलेल्या तोंडाचे गुण का कापले जात नाहीत? चांगल्या तोंडाची खूण जुने स्वार सांगतात ती अशी: ओठ मिटलेले, जबडा सैल, घोडा कडियाळं हलकेच चघळतोय आणि ओठांवर थोडासा फेस. चघळायला जबडा हलावा लागतो. जखडलेला जबडा हलत नाही, आणि त्या निश्चलतेलाच आपण आज्ञाधारकपणा समजून वर गुण देतो. 2017 साली आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांतल्या 750 घोड्यांचे नाकपट्टे मोजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन बोटं जातील इतका सैल पट्टा फक्त 7 टक्के घोड्यांचा होता. 44 टक्क्यांच्या पट्ट्याखाली बोटच जात नव्हतं. हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

तोंडातलं रक्त दिसलं की नियम कडक होतात. 2010 च्या केंटकीतल्या जागतिक स्पर्धेत पार्झिव्हल नावाच्या नावाजलेल्या घोड्याची जीभ चावली गेली, रक्त दिसलं आणि कसरत अर्ध्यावर थांबवून त्याला बाद केलं. योग्यच. पण रक्त न दाखवता दाबलेल्या जिभेचं काय? एफईआयने 2025 पासून पट्टा मोजायचं ठरावीक मापाचं साधन आणलं, त्यामुळे कुणाची बोटं जाड, कुणाची बारीक हा वाद मिटला. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत ते येईल तेव्हा येईल. दोन बोटं तर प्रत्येकाकडे आहेत. घोडा आत जाण्याआधी नाकाच्या हाडावर, गालावर नव्हे, सगळ्यांसमोर घालून बघा. एक पैसा लागत नाही.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावरची मुलंसुद्धा ड्रेसाजबद्दल विचारायला येतात. त्यांना पहिल्या दिवशी मी घोड्यावर बसवत नाही. ओठ उचलून हिरडी दाखवते, कडियाळ्यावरून अंगठा फिरवायला लावते.

शेवंतीला या थंडीत परत नेणार आहे. पट्टा दोन बोटं सैल असेल. जीभ बाहेर आली तर जजने बेलाशक 5 लिहावेत, मी ते घेऊन घरी येईन आणि पुन्हा तिच्या तोंडात बघेन.