एम-सील भरून रायफल नेम धरत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या परवानाधारकांत आणि नेमबाजी शिकणाऱ्या पोरांत एक मजकूर फिरतोय: "रायफल नेम धरत नाही? दस्त्याच्या खोबणीत एम-सील भरा, नळी टोकापर्यंत त्यात बसवा, स्क्रू कचकचून आवळा. एका रात्रीत काम होतं, पावसाळ्यातही नेम हलत नाही." बेडिंग, म्हणजे रायफलीचा लोखंडी भाग एपॉक्सी या दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने दस्त्यात नीट बसवणं, ही खरंच उपयोगाची गोष्ट आहे. पण ती या पद्धतीने केली तर चांगला दस्ता वाया जाईल.

आधी दस्ता आणि लोखंड जोडणाऱ्या स्क्रूचं बोलू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच आहे. प्रत्येक गोळीनंतर ॲक्शन, म्हणजे नळीच्या मागची गोळी भरण्या-उडवण्याची यंत्रणा, त्याच जागी, न वाकता, न पिळवटता येऊन बसावी, एवढ्यासाठीच बेडिंग करतात. एपॉक्सी ओली असताना स्क्रू जोर लावून आवळले की ॲक्शन खालच्या उंचसखल लाकडावर ओढली जाते, थोडी वाकते आणि एपॉक्सी त्याच वाकड्या बैठकीत घट्ट होते. मग तो ताण कायमचा. म्हणून जाणते लोक ओल्या एपॉक्सीत स्क्रू फक्त जागा धरण्यापुरते लावतात आणि ॲक्शन रबराच्या पट्टीने हलकी बांधून ठेवतात. पूर्ण सुकल्यावर तपासायला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, पुरतो. तो नळीला पकडवा, टोक दस्त्याच्या पुढच्या भागाला टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत राहिला तर बैठक ठीक. त्याहून बराच पळाला तर ताण आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कुणालाही डायल लावायला शिकवावं लागत नाही. मात्र डायल घरी आणा, रायफल वर्कशॉपला नेऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. आणि हात लावण्याआधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा.

नळी टोकापर्यंत बसवा, हेही उलटं आहे. गोळी सुटताना नळी थरथरते आणि तापल्यावर तिची लांबी-जाडी बदलते. लाकूड तिला कुठे टेकलं, कुठे नाही, यावर पुढची गोळी कुठे जाणार ते ठरतं. त्यामुळे हाताने बोल्ट ओढून भरायच्या बहुतेक रायफलींत ॲक्शनखाली आणि फार तर नळीच्या बुडाशी थोडं बेडिंग करतात. पुढे नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सहज सरकेल एवढी मोकळीक ठेवतात. धक्का झेलणाऱ्या रिकॉइल लगची, म्हणजे ॲक्शनखालच्या लोखंडी खुंटीची, फक्त मागची बाजू एपॉक्सीला भिडायला हवी. पुढची, खालची आणि बाजूंची टेप लावून मोकळी ठेवायची.

हेही सगळ्या रायफलींना लागू नाही. आपल्याकडे ओळखीची असलेली ईशापूरची .315 घ्या. तिची घडण ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीची, दस्ता दोन तुकड्यांचा. धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला असलेल्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. ते खांदे दबले की नेम पसरतो, आणि तिथलं काम वेगळंच आहे. ती फिरणारी कृती या रायफलीवर करूच नका.

एम-सील नळाची गळती थांबवायला उत्तम आहे. पण ती मळून लावायची घट्ट लुगदी. बारीक फटीत ती नीट शिरत नाही, हवेचे पोकळे राहतात. इथे स्टीलची पूड मिसळलेली किंवा बेडिंगसाठीच बनवलेली एपॉक्सी लागते. मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट म्हणजे मेण. ॲक्शनच्या प्रत्येक भागाला, स्क्रूंच्या आट्यांनाही, मेणाच्या बूट पॉलिशचा थर द्यावा लागतो, म्हणजे एपॉक्सी चिकटत नाही. चापाच्या, मॅगझिनच्या खाचा आणि पिनांची भोकं मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवावी लागतात. एखाद्या आडव्या भोकात एपॉक्सी शिरून कडक झाली की ॲक्शन खिळल्यासारखी अडकते. मग मेण असूनही ती निघत नाही, लाकूड फोडावं लागतं.

"एका रात्रीत"ही नाही. बऱ्याच एपॉक्सी पूर्ण ताकदीला यायला 24 तास किंवा जास्त घेतात, आणि डिसेंबरातल्या आपल्या गार रात्री त्याहून लांबवतात. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. पाच मिनिटांत धरणारी एपॉक्सी या कामाला नको.

राहिला पाऊस. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला जुलैत भिंती ओल धरतात, त्याच जिल्ह्यात अथणीकडे हवा कितीतरी कोरडी असते. लाकूड दोन्हीकडे सारखं राहत नाही. ओलीने ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. एपॉक्सी जिथे आहे तेवढीच जागा ती सांभाळते. नळीची खोबण, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटखालचं कापलेलं लाकूड, स्क्रूची भोकं उघडी असतील तर पाणी तिथूनच आत जातं. ती वॉर्निशने बंद करा आणि स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवा, म्हणजे आवळताना लाकूड चेपत नाही. एवढं करूनही मिरगात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, परवानगी असलेल्या रेंजवर कागदावर पाच गोळ्यांचा गट काढून बघा. गट तेवढाच पण सगळा एका बाजूला सरकला असेल तर साइट जुळवा. पसरला असेल तर आधी स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, रिंगांचे स्क्रू तपासा, मग बेडिंगला दोष द्या.