डबल रायफल १८९८ ची? आणि दोन्ही गोळ्या एकदम? थांबा जरा

परत तो मेसेज फिरतोय. म्हणणं असं की दुनळी रायफल १८९८ साली इंग्लंडात निघाली, आफ्रिकेतल्या हत्तींसाठी, दोन्ही नळ्यांतून गोळ्या एकदम सुटायच्या म्हणून ताकद दुप्पट, आणि बनवायला सोपी, छऱ्याच्या बंदुकीला आतून आटे (गोळीला गिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) पाडले की झालं. एवढ्याशा मेसेजात एवढं सगळं चुकवायला पण स्किल लागतं.

१८९८ कुठून आलं ते कळतंय. तेव्हा रिग्बी या बंदूक कंपनीचं .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आलं, धूर न होणाऱ्या कॉर्डाइटवर चालणारं. पण अहो नाव तरी नीट वाचा, 'नायट्रो' पुढे का जोडावं लागलं? कारण नुसती 'एक्सप्रेस' आधीपासून होती, काळ्या दारूवरची. १८५६ मधे लंडनच्या पर्डी या बंदूकवाल्याने ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या) रायफली काढल्या, गोळी हलकी, दारू भरपूर, त्यामुळे वेग जास्त, आणि त्यांना नाव दिलं 'एक्सप्रेस ट्रेन', रेल्वेचं कौतुकच होतं तेव्हा. म्हणजे ४२ वर्षं आधी! अजून मागे गेलात तर १८ व्या शतकात जर्मनीत चकमकीच्या वेंडर बंदुका होत्या, नळीखाली नळी, वरचा बार उडाला की नळ्या हाताने फिरवून खालची वर घ्यायची.

आफ्रिकेचं पण तसंच. सॅम्युअल बेकर नाईलचा उगम शोधायला आफ्रिकेत गेला १८६१ मधे, पण त्याआधीची कितीतरी वर्षं तो सिलोनमधे (आताची श्रीलंका) हत्ती मारत होता आणि तिथल्या आपल्या बंदुकांची यादीच त्याने देऊन ठेवलीये: १० बोअरच्या चार दुनळी रायफली, एकेक १५ पौंडाची, म्हणजे जवळजवळ ७ किलो. (१० बोअर म्हणजे एका पौंड शिशात १० गोळ्या होतील एवढं नळीचं तोंड. आकडा लहान तेवढी गोळी मोठी, इथेही बरेच जण उलटं समजतात.) सिंधमधल्या जॉन जेकब या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तर दुनळी रायफल शिकारीला नाही, पलटणीसाठी बनवून घेतली, २००० यार्डांपर्यंत नेम धरायच्या खुणा असलेली, आणि तो वारला १८५८ मधे. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात नोकरीला असलेला जेम्स फोर्सिथ १८६० च्या दशकात आट्यांचा पीळ किती ठेवावा यावर लिहित होता. पीळ जास्त आणि दारूही जास्त झाली की गोल गोळी आटे सोडून सरळ घसरते, म्हणून पीळ सावकाश ठेवा, असं त्याचं म्हणणं.

आता दुप्पट ताकद. नळ्या दोन, घोडे दोन, चापही दोन, एकदम ओढायला कोण सांगतंय? चुकून दोन्ही उडाले तर खांद्याचं काय होईल बघा. आणि बेकरकडची सगळ्यात भारी रायफल, २१ पौंडाची, ती एकनळीच होती. दुसरी नळी हवी ती दुसऱ्या बारासाठी. ठासणीची बंदूक परत भरायची म्हणजे दारू ओता, गोळी गजाने ठासा, ठिणगी पाडणारी टोपी बसवा, तेवढा वेळ जखमी गवा समोर उभा राहतो का?

आणि 'सोपी' वाचून तर हसूच आलं. छऱ्याच्या नळीची भिंत पातळ असते, तिच्यात आटे पाडले तर शिल्लक काय राहणार? शिवाय उजवा बार उडाला की बंदूक उजवीकडे झटकते, डावा उडाला की डावीकडे, म्हणून नळ्या पुढे किंचित जवळ आणून जोडतात, म्हणजे झटका धरून दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी पडतात. किती जवळ ते कागदावर ठरत नाही. दोन नळ्यांमधे पाचर ठेवून गोळ्या झाडायच्या, कुठे लागल्या बघायचं, नळ्या जोडणारा डाख सोडवायचा, पाचर सरकवायची, परत झाडायच्या, असं जमेपर्यंत. आणि हे सगळं त्या एकाच गोळीसाठी आणि तेवढ्याच दारूसाठी, दारू बदललीत की दोन नळ्या दोन दिशांना मारायला लागतात.