आपत्ती आराखडा एका बैठकीत कसा उरकावा

तालुक्याहून फोन येतो : पावसाळ्यापूर्वीचा गाव आराखडा उद्या अकरापर्यंत पाहिजे. घाबरू नका. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आराखडे करा असं आहे, गावात फिरा असं कुठं आहे? शेजारच्या गावाची फाईल मागवा, गावाचं नाव बदला. त्यांनी ती कोकणातून उचललेली असेल तर 'समुद्रकिनाऱ्यापासूनचे अंतर' हा रकाना सापडेल. खोडू नका, खोडलं की वरून विचारणा होते. 'निरंक' लिहा. त्सुनामी निरंक, मच्छीमार नौका निरंक. हिंगोलीत बसून इतक्या खात्रीनं दुसरं काहीच लिहिता येणार नाही.

भूकंपापुढं 'सौम्य' लिहा. कुणी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप काढलाच, तर तिकडंही कागद चोख होता म्हणावं. देशातल्या सर्वांत सुरक्षित भूकंप पट्ट्यात होता तो भाग. १९९२मध्येच तिथं धक्के बसू लागले होते. पट्टा सुरक्षितच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जन करून माणसं झोपली असताना, पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढं २००२च्या नकाशातून तो सुरक्षित पट्टा, 'झोन १', काढूनच टाकला. लातूर जास्त धोक्याच्या 'झोन ३'मध्ये गेलं. तुमच्या गावात अशी माळवदं किती उरलीत हे मोजायला एक दुपार लागेल. ती वाचवा. गेलातच एखाद्या घरी, तर कोपऱ्यात भिंत फाटलेली दिसेल, फटीत अख्खा पंजा जाईल, आणि घरधनी त्यावर कॅलेंडर टांगून चहा ठेवेल. चहा घ्या, तारीख बघा, निघा.

पुराबाबत म्हाताऱ्यांना विचारायचं नाही. ते काठी टेकत नेऊन पाणी कुठवर चढलं होतं ती पायरी दाखवतात, आणि नेमकं तिच्याखाली सरपंचांच्या मेव्हण्याचं प्लॉटिंग असतं. ओढा गावनकाशावर आहे ना? मग झालं. जमिनीवर त्याची मुरूम टाकून वाट केली, हा महसुलाचा विषय.

अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावं मिळून एक) २४ तासांत ६५ मिलिमीटर. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, ढग फुटला तुमच्या शिवारात. सोयाबीन पाण्याखाली असलं तरी ६० मिलिमीटरला अतिवृष्टी म्हणत नाहीत. पिकालाच समजावून सांगा.

वीज पडण्यासाठी, मोबाईलवर इशारा देणारं 'दामिनी ॲप' लिहा. रेंज कडुलिंबाखालीच येते, पण तेवढं लिहू नका.

दुष्काळावर मात्र परिच्छेद हवा. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. स्टेशनावर फोटोही झाले. उपाययोजनेत 'टँकर' लिहा, अधिग्रहणासाठी विहिरी लिहा. उसाचं क्षेत्र विचारणारा रकाना नाही, त्यामुळं तो भरायचा प्रश्नच नाही. (असता तरी चेअरमनसाहेबांना विचारूनच भरला असता.)

शेवटी संपर्क अधिकाऱ्याचा मोबाईल नंबर. साहेबांची बदली झालेली असली तरी हरकत नाही, आकडे दहा भरले पाहिजेत. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.