हॉस्पिटलभोवती गोल काढणाऱ्यांना

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मी ज्या गाद्यांच्या शोरूमचे हिशेब बघते तिथे आज जाहिरात एजन्सीचा एक मुलगा आला होता. वयाने लहान, बोलायला गोड. त्याने लॅपटॉपवर पुण्याचा नकाशा उघडला, शोरूमभोवती एक गोल काढला आणि मालकांना म्हणाला, "सर, या गोलात जो मोबाईल येईल त्यावर आपली जाहिरात दिसेल." इथपर्यंत ठीक. मग त्याने नकाशा सरकवला आणि एका मोठ्या हाडांच्या हॉस्पिटलभोवती दुसरा गोल काढला. "मणक्याचे पेशंट इथेच येतात. नातेवाईक तासन्‌तास बाहेर बसलेले असतात, हातात मोबाईलच असतो. ऑर्थो मॅट्रेससाठी याहून चांगली जागा नाही."

मालकांनी मान डोलावली. मी हातातलं व्हाउचर तिथेच टाकून उठले. मला बाहेरच्या बाकावर बसलेली माझी आई दिसायला लागली होती.

मागच्या वर्षी आईच्या मानेला गाठ आली. तिला कराडहून इकडे आणलं. कॅन्सरच्या डॉक्टरांचं क्लिनिक एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. बाहेर पाटीवर फक्त त्यांचं नाव आणि पुढे डिग्र्यांची इंग्रजी अक्षरं. आईला ती कळली नाहीत आणि मीही सांगितली नाहीत. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत तिच्यासमोर कॅन्सर हा शब्द काढायचा नाही, हे आम्ही भावंडांनी ठरवलं होतं. डॉक्टर मला म्हणाले होते, घरी जाऊन गुगल करत बसू नका. मी केलं नाही, भावाने केलं नाही. आईला तर सर्च करताच येत नाही. तिच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप, भजनांचं एक अ‍ॅप आणि पंचांग, बास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भजन लावून भाजी निवडत बसली होती. मला हाक मारली आणि फोन पुढे धरला. खाली जाहिरात होती, चांगली ठसठशीत मराठीत. कॅन्सरचं निदान झालंय? घाबरू नका, दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.

"हे मला का दाखवतायत गं?"

काय सांगणार होते मी तिला?

त्या जाहिरातीमागे त्या क्लिनिकचं लोकेशनच होतं हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, मान्य. पण आज तो मुलगा ज्या सहजतेने बोलत होता, त्यावरून हे रोजचं काम आहे एवढं नक्की कळलं.

मी त्याला विचारलंच, हे लोकेशन तुम्हाला मिळतं कुठून? तो खुशीत सांगायला लागला. फुकटच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात कंपन्यांच्या कोडचा तुकडा बसवलेला असतो. तुम्ही अ‍ॅप उघडलं की जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव लागतो आणि पान उघडेपर्यंत संपतोसुद्धा. बोली लावणाऱ्यांकडे तुमच्या फोनचा जाहिरात क्रमांक, म्हणजे जाहिरातवाल्यांना फोन ओळखता यावा म्हणून त्याला दिलेला आयडी, जातो आणि अ‍ॅपला परवानगी असेल तर तुम्ही कुठे आहात तेही जातं. "पण नाव-नंबर काही जात नाही हं मॅडम," असं तो दोनदा म्हणाला.

नाव लागतंय कशाला? जो फोन रोज रात्री एका घरात असतो आणि दिवसा एका ऑफिसात, तो कुणाचा हे शोधून काढायला किती अक्कल लागते? आणि लिलावात ज्यांची बोली हरली त्यांच्याकडेही ती माहिती पोचलेलीच असते. ती त्यांनी पुसली की साठवली, हे विचारायला आपण जायचं कुठे?

लहान दुकानदाराला याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. आमच्या शोरूमच्या आसपास राहणाऱ्याला आमची जाहिरात दिसली तर त्यात कुणाचं काही जात नाही.

पण दुकानाभोवतीचा गोल वेगळा आणि हॉस्पिटलभोवतीचा वेगळा. माणूस हॉस्पिटलात हौसेने जात नाही. मोठ्या कंपन्यांच्या नियमावलीत आजारावरून माणसं हेरायला मनाई असते म्हणे. असेल. पण गोल काढणाऱ्याला आजाराचं नाव लिहावंच लागत नाही, तो फक्त जागा निवडतो. जागेवरून सगळं कळतं. कोण आयव्हीएफला जातंय, कोण मानसोपचाराला, कोण व्यसनमुक्ती केंद्रात, कोण फॅमिली कोर्टात. सख्ख्या बहिणीलाही जे सांगायला आपण महिना घेतो, ते परक्याला विकत मिळतं.

अमेरिकेत हे उघड झालेलं आहे. तिथे एक एजन्सी गर्भपाताच्या दवाखान्यांभोवती असेच गोल आखून आत बसलेल्या बायकांच्या फोनवर, मूल ठेवायचं की नाही याचा पुन्हा विचार करा, अशा धाटणीच्या जाहिराती टाकत होती. वेटिंग रूममध्ये बसलेल्या बाईला! २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे त्या राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, तडजोड करून त्या एजन्सीला आपल्या राज्यातल्या दवाखान्यांपुरतं हे करायला बंदी घातली. पुढे २०२२ मध्ये गुगलने ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलर्सची तडजोड केली. लोकांनी लोकेशनची एक सेटिंग बंद केली तरी दुसरीकडून नोंद होतच राहायची, ही तक्रार होती.

आणि आपल्याकडे? त्याच २०१७ मध्ये, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यावर कायदा यायला २०२३ उजाडलं, नियम यायला नोव्हेंबर २०२५, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत. २५० कोटींपर्यंत दंड लिहिलाय, चांगलंच आहे. पण आधीच्या मसुद्यात आरोग्याच्या माहितीला संवेदनशील म्हणून वेगळा दर्जा होता, तो या कायद्यात उरलाच नाही. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. म्हणजे हे वाईट आहे हे सरकारला कळतं! मग अडुसष्ट वर्षांच्या बाईला ते सोसावं, असं कुणी ठरवलं?

"पण तुम्हीच परवानगी दिलेली असते ना," हे तर नकोच मला ऐकवू. आईच्या पंचांगाने लोकेशन मागितलं होतं. सूर्योदय गावागणिक बदलतो, त्यामुळे गाव कळणं गरजेचं, हे खरं. पण त्यासाठी कराड एवढं निवडायला दिलं तरी भागतं. ती कुठल्या गल्लीत, कुठल्या मजल्याखाली उभी आहे हे पंचांगाला कशाला हवं? तिने बटण दाबलं ते एकादशी बघायला. तेवढ्यावरून तिची बायोप्सी बाजारात मांडायला तिने होकार दिला, असं म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं.

गाठ साधी निघाली. देवाची कृपा. पण रिपोर्ट येईपर्यंत आई रात्री झोपली नाही. आमच्यापैकी कुणाशी काही बोलली नाही. कराडला मावशीला फोन करून पाटल्या कुणाला द्यायच्या, पैठणी कुणाला, ते सांगून ठेवलं. मला हे मावशीकडून नंतर कळलं. ते ऐकलं तेव्हा फार रडले, आणि आता लिहितानाही हात थरथरतोय.

त्या मुलावर माझा राग नाही. पोटासाठी करतोय, त्याचीही आई असेल. मी त्याला विचारलं, तुमच्या यादीतून हॉस्पिटलं वगळता येतात का? तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "येतात की. पण तसं कुणी सांगत नाही."

तर सांगा ना. हे वाचणाऱ्या माझ्या ओळखीच्यांत दुकानवाले आहेत, क्लासवाले आहेत, दोन डॉक्टरही आहेत. एजन्सीला पैसे तुम्ही देता. हॉस्पिटलं, कोर्टं, देवळं-मशिदी वगळा, असं लेखी मागा.

आणि घरातल्या मोठ्या माणसांचे फोन आज हातात घ्या. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागात जाहिरात आयडी काढून टाकायची सोय असते, ती वापरा. आयफोनवर माग काढायची विनंती करणारी अ‍ॅप्स सरसकट नाकारता येतात. प्रत्येक अ‍ॅपचं लोकेशन बघा. ज्याला लागत नाही त्याचं बंद, ज्याला लागतं त्याला फक्त अ‍ॅप वापरताना, आणि अचूक लोकेशन बंद. याने सगळं थांबत नाही. बरंचसं थांबतं.

सोमवारी मालकांना एजन्सीला उत्तर कळवायचंय. त्याआधी मी त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे. शोरूमभोवती हवा तेवढा मोठा गोल काढा, त्याचं बिल मी त्याच दिवशी पास करते. हॉस्पिटलच्या गोलाचं बिल माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही.