डिप्रेशनमध्ये दम लागेपर्यंत पळायलाच पाहिजे, असं काय नाही

कोल्हापुरात रंकाळा तलावावर चालायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज फिरायलाय, डिप्रेशन असलं तर दम लागेपर्यंत पळा, नुसतं चालून काय होत नाही आणि गोळ्या बंद करा. अर्धवट माहिती आहे ही, आणि गोळ्यांचं तर सरळ धोक्याचं. २०२४ मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये डिप्रेशनवर व्यायामाच्या २१८ ट्रायल्स, म्हणजे लोकांवर केलेल्या चाचण्या, एकत्र तपासल्या, त्यात व्यायामाचा जोर वाढला तसा फायदा जास्त दिसला हे खरंय, पण चालणं, योगा असल्या हलक्या व्यायामानंही चांगला फरक पडला. अहो, ज्या माणसाला अंथरुणातनं उठणंच जड जातंय त्याला पळ म्हणून सांगितलं की तो चालायचंपण सोडतो! पंधरा मिनिटं चालला तरी लै झालं, जोर नंतर हळूहळू वाढवता येतो. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात थांबवू नका, एकदम सोडल्या तर त्रास उलटतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतपण बोलतात.