क्वालिटी कुणाची मोजायची?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गोव्यातल्या मोरजीच्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, एक व्हिडिओ टाकला. किनाऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला बस उभी, बाजूला गॅसची शेगडी पेटलेली, पंधरावीस माणसं खाली बसून भात जेवतायत आणि पत्रावळ्या वाऱ्यावर उडतायत. खाली दादाने लिहिलं होतं, "आमकां क्वालिटी टुरिस्ट जाय." म्हणजे आम्हाला क्वालिटी टुरिस्ट पाहिजेत. त्यावर सगळ्यांचे अंगठे. हे वाक्य मी मंत्र्यांकडून ऐकलंय, हॉटेलवाल्यांकडून ऐकलंय, पेपरात तर कितीदा वाचलंय. पण घरच्या माणसाने लिहिल्यावर जास्त लागलं, कारण मी इथे जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटलाच आहे, हा शब्द माझ्या पोटापाण्याचा आहे.

आमच्याकडे रोज सकाळी माल येतो. ब्रेकमधला एक बुश असतो, बोटाच्या पेराएवढा, त्यातले ठरलेले नग उचलायचे आणि गेज घालून बघायचं. गेजचं एक टोक भोकात अलगद जायलाच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, बस. बरोबर असेल तर हिरवं लेबल, इन ओर्डनुंग, म्हणजे ठीक आहे. नसेल तर लाल लेबल, आणि माल जाळीच्या कुलूपबंद पिंजऱ्यात. आणि समजा आमचाच माल गिऱ्हाइकाकडून परत आला तर एक फॉर्म भरावा लागतो, त्याला ८डी म्हणतात, त्यात काय बिघडलं, का बिघडलं, परत होऊ नये म्हणून काय केलं असं सगळं लिहायचं असतं. एवढी वर्षं तो फॉर्म भरतोय, त्यात 'गिऱ्हाईक हलकं होतं' असं लिहायला रकाना नाही.

आपण गोव्यात तेच तर लिहितोय.

शब्दाचंच बघा ना. क्वालिटीचं मूळ लॅटिनमधलं क्वालिस, अर्थ 'कसला, कोणत्या प्रकारचा'. म्हणजे मुळात तो एक प्रश्न आहे, शाबासकी नाही. पुढे इंग्रजीत एक काळ असा होता की 'पीपल ऑफ क्वालिटी' म्हणजे उमराव, खानदानी लोक. आपला 'दर्जा' पण तसाच, मूळ अर्थ पायरी, आणि गोव्यात तर हा शब्द कायम राजकारणात, १९८७ला घटक राज्याचा दर्जा, त्याच वर्षीचा राजभाषेचा वाद, मग अधूनमधून विशेष दर्जाची मागणी. दर्जा म्हटलं की कोण वर आणि कोण खाली हे आलंच. आंब्याला आपण 'चांगल्या जातीचा' म्हणतो, ते आंब्याला ठीक आहे. माणसाला क्वालिटी लावली की मला तो 'पीपल ऑफ क्वालिटी'वाला वास येतो, खिशावरून आणि कपड्यांवरून पायरी ठरवणारा, आणि आपल्याकडे अशा पायऱ्या आधीच काय कमी आहेत?

मराठीत मला सगळ्यात आवडतो तो 'गुण'. औषधाचा गुण आला, म्हणजे ज्यासाठी घेतलं ते काम झालं. अमेरिकेच्या जोसेफ जुरानने क्वालिटीची जी व्याख्या केली, 'वापराला योग्य', ती आमच्या आजीच्या तोंडात 'गुण आला' एवढ्यात बसत होती. आता कुणाच्या वापराला, हा पुढचा प्रश्न, आणि खरी मेख तिथे आहे.

मी डिचोली तालुक्यातला. बाबा खाणीवर सॅम्पलिंगला होते, खनिजाचे नमुने गोळा करून लॅबला द्यायचे. घरात क्वालिटी म्हणजे एकच आकडा, लोखंड किती टक्के. ५८च्या वर असेल तर माल, खाली असेल तर डंप, म्हणजे टाकून दिलेल्या मालाचा ढीग. असे डंप रचत रचत आमच्याकडे डोंगर झाले, लहानपणी आम्हाला खरा डोंगर कुठला आणि डंपचा कुठला ते पावसात कळायचं, डंपवरून येणारं पाणी लालभडक असायचं. मग चीनची मागणी वाढली आणि तोच टाकलेला माल ट्रक भरभरून मांडवी नदीतल्या बार्जवर जायला लागला. माती तीच, टक्के तेच, फक्त घेणारा बदलला. आणि त्या सगळ्या वर्षांत आमच्या वाड्यावरच्या विहिरींचं काय झालं, शेतात किती गाळ बसला, ते लॅबच्या कुठल्याच रिपोर्टात नव्हतं, कारण ते कुणी विचारलंच नव्हतं. २०१२ला खाणी बंद झाल्या तेव्हा बाबा म्हणाले, आम्ही सगळं मोजलं, पाणी तेवढं मोजलं नाही. मला ते अजून टोचतं.

आता जर्मन माणूस. गोव्यात क्वालिटी टुरिस्ट म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गोरा माणूसच येतो. १९८०च्या दशकात गोव्यात जर्मनीहून चार्टर विमानं यायला लागली, आणि तेव्हा हे लोक नकोत म्हणून निदर्शनं झाली होती, टुरिस्टांच्या बसवर शेण फेकल्याच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात. आज तीच चार्टर कमी झाली म्हणून आपण हळहळतो. आणि हेच जर्मन स्पेनच्या मायोर्का बेटावर जातात तेव्हा तिथल्या लोकांना काय वाटतं? तिथे प्लाया दे पाल्मा नावाचा किनारा आहे, जर्मनांच्या दारूपार्ट्यांसाठी प्रसिद्ध, तिथले लोक वैतागून म्हणतात आम्हाला क्वालिटी टुरिझम पाहिजे. अगदी दादाचंच वाक्य, फक्त स्पॅनिशमधून. २०२०च्या जानेवारीत तिथल्या सरकारने या आणि अशा आणखी काही भागांत हॅपी अवर आणि पब क्रॉल, म्हणजे एका रात्रीत घोळक्याने एका बारमधून दुसऱ्यात पीत फिरणं, बंद केले. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी, जो लाल लेबल लावताना मिलिमीटरचा शंभरावा भाग सोडत नाही, तो दरवर्षी मित्रांबरोबर तिथे जातो आणि मी फोटो बघितलेत. मग तो क्वालिटी टुरिस्ट की नाही? मला वाटतं जिथे पहाटेपर्यंत स्वस्त दारू आणि कुणी विचारणारं नाही, तिथे तो तसा वागतो, आणि इथल्या जंगलात फिरायला गेला की चॉकलेटचा कागद खिशात ठेवतो. माणूस एकच आहे ना.

जर्मनांचं मला पटलेलं उदाहरण वेगळंच आहे. १८७६ला अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे फ्रान्झ रॉइलो हा जर्मनच इंजिनिअर आपल्याच देशाच्या मालाबद्दल म्हणाला, स्वस्त आणि वाईट. केवढा गदारोळ झाला त्यावर. १८८७ला ब्रिटनने कायदा केला आणि परदेशी मालावर कुठला ते छापायची वेळ आली, 'मेड इन जर्मनी' हा शिक्का लोकांनी सावध व्हावं म्हणून होता. जर्मनांनी गिऱ्हाईक बदलून मागितलं नाही, माल बदलला, आणि बघता बघता तोच शिक्का भाव वाढवायला लागला. आपल्या मानकुराद आंब्याचं तरी काय, पोर्तुगीजांनी साल बघून 'मालकोराद' म्हटलं, वाईट रंगाचा, असंच आपण ऐकत आलो, आणि आज हंगामाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात त्याच्या डझनाचा भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो. आई अजून देठापाशी नाक नेऊनच आंबा घेते, रंग बघत नाही.

इथलं सगळं सोन्याचं असं मी म्हणत नाहीये. २०१५ला फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण बाहेर आलं तेव्हा आमच्या कँटीनमध्ये माना खाली होत्या. टेस्टच्या वेळी गाडी स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, सॉफ्टवेअरच तसं बसवलेलं, जगभरात कंपनीनेच कबूल केल्याप्रमाणे सुमारे १ कोटी १० लाख गाड्या.

आणि दादाचा राग खोटा आहे असंही नाही. फुटलेल्या बाटलीने पाय कापलेली पोरं मी बघितलीत. उघड्यावर स्वयंपाक आणि दारू यावर २०१९ला गोव्यात कायदा झाला, तेव्हा एकट्याला २,००० रुपये दंड होता, घोळक्याला १०,०००, कायदा लावा की, जरूर लावा, पण बसवाल्यालाही लावा आणि गाडीची काच खाली करून बियरचा कॅन फेकणाऱ्यालाही लावा. आणि बसमधून आलेल्या त्या कुटुंबाला विचारा तरी, स्वच्छ जागा, नळ, संडास, दहा रुपयांत ताट धुवायची सोय कुठे होती?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, दादाला फोन केला. त्याच्या सहा खोल्या आहेत, विहिरीचं पाणी वर टाकीत चढवून तेच सगळीकडे. मी एवढंच विचारलं, दादा, पाणी कधी तपासलंस? तो चिडला, म्हणाला आमच्या आज्याच्या काळापासून हेच पाणी पितोय. मी म्हटलं आज्याच्या काळात सहा संडास नव्हते विहिरीच्या बाजूला. दोन दिवस बोलला नाही. मग लॅबला नमुना दिला आणि रिपोर्टचा फोटो मला एकट्याला पाठवला. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या स्टँडर्डप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू, सापडताच कामा नयेत, तिथे सापडले होते.

आता तो सोकपिट, म्हणजे संडासाचा शोषखड्डा, उकरून विहिरीपासून लांब नेतोय, त्यासाठी मागच्या दोन खोल्या या सीझनला बंद. परवा फोनवर मला विचारत होता, तुमच्याकडे ते लाल लेबल असतं ना, त्याच्यावर नेमकं काय लिहितात.